पोकळ मूद

हवाई बेटांवरच्या आमच्या हिलो गावात पार्सलच्या डब्याचं झाकण सहज बसलं तर लोक त्या दुकानात पुन्हा जात नाहीत. झाकण दाबावं लागलं पाहिजे, दाबूनही ते फुगलेलं राहिलं पाहिजे, आणि वरून रबरबँड लावल्याशिवाय डबा गाडीत ठेवायची सोय नसावी. भाताच्या दोन मुदी, मॅकरोनी सॅलडची एक, आणि उरलेल्या जागेत मावणार नाही इतकं चिकन किंवा मटणाची ग्रेव्ही. डोरीन, माझी नणंद, या हिशेबातच वाढली. तिची आई बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका खिडकीतून उसाच्या ट्रकवाल्यांना जेवण द्यायची. ट्रक गेले, ऊस गेला, आई गेली. खिडकी राहिली, आणि खिडकीत डोरीन.

डोरीनचा नवरा कामासाठी म्हणून लास व्हेगासला गेला आणि तिकडचाच झाला. तिने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. मूलबाळ नव्हतं. मग तिला मिरवायला होता तो डबा. कुणाच्या घरी बारसं असो, मयत असो, मुलीची शाळा संपल्याची पार्टी असो, डोरीन सगळ्यात आधी पोचायची, दोन्ही हातांवर ॲल्युमिनियमचा ट्रे घेऊन, आणि शेवटचा पाहुणा हातात काही घेऊन निघाल्याशिवाय बसायची नाही. "एवढंच नेतेस? घरी कोण आहे खायला, मांजर?" असं म्हणून ती लोकांच्या डब्यात आणखी कोंबायची.

माझा नवरा, म्हणजे तिचा भाऊ, गेल्यापासून मी तिच्या खिडकीत गल्ला सांभाळते. त्यामुळे पुढचं सगळं मी जवळून पाहिलं. न पाहिल्यासारखंही केलं.

सुरुवात रॉन्सनपासून झाली. रॉन्सनचं दुकान चार चौक पलीकडे. त्याने भाव वाढवले, ते आमच्या भाचीच्या पार्टीच्याच आठवड्यात. पार्टीत तो बायकोबरोबर आला, आणि डोरीनने सगळ्यांसमोर त्याला गाठलं.

"रॉन्सन, परवा तुझा डबा घेतला रे. उघडला तर मला वाटलं, आधीच कुणीतरी जेवून गेलंय."

पंगतभर हशा झाला. रॉन्सनची बायको लाल झाली. रॉन्सन म्हणाला, "तुझी पण वेळ येईल, डोरीन."

"माझ्या फळ्यावरचा भाव आहे तसाच राहील," डोरीन म्हणाली. "लाज विकून धंदा करायचा नाही आपल्याला."

वर्ष सरायच्या आत चिकन वाढलं, अंडी वाढली, तेल वाढलं. थर्मोकोलचे डबे बंद झाले आणि त्यांच्या जागी आलेला कागदी डबा रिकामाच इतका महाग की त्यात काही घालायला मन धजू नये. रोज संध्याकाळी डोरीन फळ्याखाली उभी राहायची. अकरा डॉलर. खडू हातात घ्यायची आणि परत ठेवायची. मी एकदा म्हटलं, "बदल ना. सगळ्यांनी बदललेत."

"सगळ्यांनी त्या दिवशी पार्टीत ऐकलंय, ग्वेन."

मग मूद पोकळ झाली. आइसक्रीमचा जो स्कूप भाताला वापरतात, तो पातेल्यात खोल घालून कडेला दाबला की भात गच्च बसतो. तोच वरच्यावर ओढला तर बाहेरून मूद तशीच गोल, तशीच चकचकीत, आणि आत हवा. डोरीनला हे कुणी शिकवायला नको होतं. पहिल्या दिवशी तिचा हात अडखळला. दुसऱ्या आठवड्यापर्यंत तो आपला आपण वळू लागला. मग सॅलडमध्ये बटाटा जास्त आणि मॅकरोनी कमी. मग चिकनचे तुकडे आडवे, म्हणजे जागा भरलेली दिसते. रबरबँडांची थैली खिळ्याला टांगलेली होती ती तशीच राहिली. लागेचना.

छपराचं काम करणारी पोरं दुपारी येतात. त्यांतला काइपो तोंडाचा फटकळ.

"आंटी, भात डाएटवर आहे का?"

"तू असायला हवास. पोट बघ, शिडी मोडेल."

सगळे हसले, तोही हसला. पण पुढच्या आठवड्यापासून ती पोरं दोन-दोन डबे घ्यायला लागली, आणि नंतर यायचीच कमी झाली. डोरीन म्हणाली, "कामं कमी असतील." मी हो म्हटलं.

रोज न चुकता येणारा एकच, हर्मन अंकल. हर्मन पाचेको, डोरीनच्या आईच्या वेळचा उसाच्या ट्रकवरचा ड्रायव्हर. आता ऐंशीच्या पुढे. गुडघे गेलेले, टोपी मात्र कडक. बायको मोमी आंटी खुब्याचं हाड मोडल्यापासून खुर्चीत. अंकल बसने यायचे, एक डबा घ्यायचे, खिडकीसमोरच्या बाकावर जरा वेळ बसायचे, आणि पुढच्या बसने डबा घेऊन जायचे. पैसे आधीच मोजून मुठीत आणलेले.

"आज काय, अंकल?"

"मोमी म्हणाली, सोया सॉसमधलं ते शोयू चिकन. माझं काय, मी काहीही खातो."

एका गुरुवारी बस लवकर आली, अंकल गडबडीने चढले आणि डबा बाकावर राहिला. डोरीन म्हणाली, "खिडकी बंद केली की देऊन येऊ. आंटी वाट बघत असेल."

अंकलचं घर डोंगराच्या बाजूला, पत्र्याचं, अंगणात अननसाची चार झाडं. आम्ही हाक मारून आत गेलो. मोमी आंटी खिडकीपाशी बसलेली. डोरीनला बघून तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू.

"डोरीन! तूच आलीस? मी त्याला म्हटलं, डबा विसरलास तर विसरलास, तू तरी जेवून आलास ना."

"जेवून?" डोरीन म्हणाली.

"तुझ्याकडे. तो अर्धा तिथे खातो आणि अर्धा मला आणतो. मी म्हणते, घरी आण, दोघं मिळून खाऊ, तर म्हणतो डोरीन एवढं भरते की बसमध्ये सांडतं, म्हणून तिथेच निम्मं संपवतो." तिने डबा मांडीवर घेऊन उघडला. "बघ की. अर्ध्यातच माझं पोट भरतं. आजकाल कोण देतं एवढं? परवा चर्चमध्ये त्या रॉन्सनच्या बायकोला पण सांगितलं मी. म्हटलं, डोरीनकडे जा आणि शिक."

डब्यात दोन मुदी होत्या. दोन्ही अख्ख्या. म्हातारीची नजर अधू, तिला ते दिसलं नसेल. किंवा तिला वाटलं असेल की डोरीन चार घालते. डोरीन डब्याकडे बघत राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी जमिनीकडे.

आंटीने काटा घातला तशी मूद फुटली आणि आत बसली. "मऊ झालाय भात," आंटी म्हणाली.

मागच्या दारातून अंकल आले. हातात कोयता, पायात चिखल. आम्हाला बघून ते दारातच थांबले. आंटी म्हणाली, "बघ, तुझा विसराळूपणा. बिचाऱ्या दोघी एवढ्या लांब आल्या."

"चला, गाडीपर्यंत येतो," अंकल म्हणाले.

गाडीपाशी डोरीनने तोंड उघडलं. "अंकल, तुम्ही बाकावर काही खात नाही. मी रोज बघते. तुम्ही आंटीला खोटं सांगता."

"हळू बोल."

"तुम्ही खाता काय मग?"

"क्रॅकर असतात. कॉफी असते." ते घराकडे बघत होते. "खोटं मी एकटाच बोलत नाही, पोरी. तू मूद भरल्याचं दाखवतेस, मी पोट भरल्याचं. दोघांचं मिळून चाललंय."

डोरीनने गाडीच्या टपावर हात टेकला.

"मला कधी म्हणाला नाहीत."

"काय म्हणू? तुझ्या आईने संपाच्या वेळी आम्हाला तीन महिने उधार जेवू घातलं. तिच्या पोरीला खिडकीत सगळ्यांसमोर विचारू, भात का चोरतेस?" ते ओरडले नाहीत. खरं तर जरा संकोचूनच म्हणाले. "मोमीला कळलं ना, की डबा एवढाच असतो, तर ती माझ्याशिवाय घास खायची नाही. मग दोघांचंही अर्धंच पोट. त्यापेक्षा हे बरं."

परतीच्या वाटेवर डोरीन एकदाच बोलली. "चोरतेस म्हणाले."

दुसऱ्या दिवशी तिने अंकलचा डबा स्वतः भरला. स्कूप तळापर्यंत घालून, दाबून, तीन मुदी. चिकन काठाबाहेर. मी रबरबँड शोधायला गेले तर जुने सगळे वाळून तुटलेले, शेवटी दोरी बांधली. अंकल आले, डबा हातात घेतला, वजन बघितलं. मागे छपरावाली दोन पोरं उभी होती.

"हा माझा नाही," अंकल म्हणाले.

"तुमचाच आहे, अंकल. घ्या ना."

"या मुलांना पण असाच मिळणार आहे का?"

डोरीनने फळ्याकडे पाहिलं.

"मग माझा दे. रोजचा." त्यांनी डबा खिडकीच्या फळीवर ठेवला आणि काइपोकडे वळून म्हणाले, "घे तू. तुझं वय आहे."

काइपोने डोरीनकडे पाहिलं. त्या दिवशी त्याला थट्टा सुचली नाही. डोरीनने मान खाली घालून अंकलचा रोजचा डबा भरला, पण पोकळ मूदसुद्धा धड पडेना. दोनदा फुटली. सगळे बघत होते.

त्या संध्याकाळी तिने फळा पुसला. मोठा डबा पंधरा, लहान डबा अकरा. लहानासाठी वेगळा, खरोखर लहान डबा आणला, एक मूद, पण गच्च. सोमवारी लोकांनी फळा वाचला. कुणी काही बोललं, कुणी नुसतंच तोंड वाकडं करून निघून गेलं. एक बाई म्हणाली, "तू पण, डोरीन?" डोरीनने पुढचा डबा भरायला घेतला. एरवी तिने त्या बाईला रस्त्याच्या टोकापर्यंत सुनावलं असतं.

दुपारी रॉन्सन आला. मला वाटलं आता हा सगळं वसूल करणार. त्याने फळा वाचला, मोठा डबा मागितला, डबा हातात घेऊन जरा तोलला. म्हणाला, "बरा भरलाय," आणि गेला. डोरीन आत जाऊन नळ सोडून उभी राहिली. त्याने टोमणा मारला असता तर तिला सोपं गेलं असतं.

हर्मन अंकल बुधवारी आले. फळ्याकडे बराच वेळ बघितलं. मुठीतले पैसे परत मोजले. मग पाकिटातून आणखी काढले.

"मोठा," ते म्हणाले. "रोज नाही जमायचं. एक दिवसाआड."

डोरीनने भरला. सगळ्यांसारखाच, दाबून. ते बाकावर बसले, बस आली, गेले. ती गेलेल्या बसकडे बघून म्हणाली, "आता तरी घरी दोघं खातील."

तासाभराने फोन वाजला. मोमी आंटी. आवाज एवढा मोठा की मला पण ऐकू येत होता.

"डोरीन, याला बरं नव्हतं का गं तिथे? आज त्याने काही खाल्लंच नाही. अख्खा डबा तसाच घरी आलाय, झाकण पण लागत नाहीये. विचारलं तर म्हणतो, जेवलो. एवढा डबा भरलेला आणि म्हणे जेवलो! काही दुखतंय का त्याचं? तू खरं सांग."

डोरीनने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. खिडकीत गिऱ्हाईक उभं होतं. मी त्याला हाताने थांबवलं. मला वाटत होतं, ती काहीतरी सांगून वेळ मारून नेईल. म्हणेल, मीच आज दोन डबे दिले, किंवा म्हणेल, खाल्लं हो त्यांनी. अंकलचं झाकलेलं राहिलं असतं. तिचंही.

"आंटी, आधीही अख्खाच डबा यायचा," ती म्हणाली. "मीच कमी भरत होते. वर्षभर. भात पोकळ घालत होते. ते इथे काही खायचे नाहीत."

पलीकडे खुर्ची करकरली.

मग आंटी म्हणाली, "म्हणजे तो उपाशी यायचा?"

"हो."

"आणि मी त्याच्यासमोर बसून खायचे."

पलीकडून आंटीने "हर्मन!" अशी हाक मारलेली ऐकू आली, मग रिसीव्हर खाली ठेवल्याचा आवाज. गिऱ्हाईकाने विचारलं, "लहान डबा मिळेल?" आणि मी उठून स्कूप हातात घेतला, कारण डोरीन भिंतीकडे तोंड करून उभी होती.

शुक्रवारी अंकल आले नाहीत. शनिवारीही नाही. डोरीन म्हणाली, "मी माझी लाज हलकी करायला गेले आणि त्यांची उघडी पाडली. वर म्हातारीच्या तोंडचा घास कडू केला." मी म्हटलं, सांगायलाच हवं होतं. पण मला तेव्हाही तसं वाटत नव्हतं आणि आजही नक्की सांगता येत नाही.

सोमवारी ते आले. टोपी खाली ओढलेली. डोरीनकडे न बघता त्यांनी मला पैसे दिले.

"मोठा. एक काटा पण दे."

एरवी ते काटा घेत नसत. मी दिला. डोरीनने डबा भरून फळीवर ठेवला आणि हात मागे घेतला.

"तिने सांगितलंय," अंकल डब्याला म्हणाल्यासारखे म्हणाले. "अर्धा इथेच खायचा. मग घरी यायचं. नाही तर दार उघडणार नाही म्हणाली."

ते बाकावर गेले. नेहमी खिडकीकडे तोंड करून बसत, त्या दिवशी पाठ करून रस्त्याकडे तोंड केलं. डबा मांडीवर उघडला. सकाळची अकराची वेळ, वर्दळ नव्हती, कोंबड्या तेवढ्या बाकाखाली आल्या. म्हातारा माणूस फार हळू खात होता, मध्येच थांबत होता, डब्यात काट्याने रेघ मारून अर्धं कुठे येतं ते बघत होता. त्याचे खांदे बारीक झाले आहेत हे मला पाठमोरं बघताना पहिल्यांदा दिसलं.

"बघू नकोस त्यांच्याकडे," डोरीन म्हणाली.

तिने स्वतः खिडकीची जाळी अर्धी ओढून घेतली आणि आत कांदे चिरायला बसली.