डब्यातले विधुर

धाकट्या, तू गेल्यावर तेराव्याला तुझ्याबद्दल चार माणसं बोलली आणि चौघांनीही तुला शांत, समंजस वगैरे ठरवून टाकलं. तू कसला शांत! हातातून स्क्रू निसटला की टेबलाखाली शिरून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारा तू. म्हणून म्हटलं, एकदा नीट सांगून टाकावं. यातली ताई म्हणजे मीच. पण सारखं मी-मी करायचा कंटाळा येतो, तेव्हा ताईच म्हणते. तू ऐक, मधे बोलू नकोस.

तर धाकटा कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. दुकान जिन्याखालचं. ताठ उभं राहिलं की डोकं आपटायचं, त्यामुळे आलेलं गिऱ्हाईक आपोआप नम्र व्हायचं. फळीवर एक पत्र्याचा डबा असे, रॅमच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेमरीच्या, पट्ट्यांचा. मशीनमध्ये अशा पट्ट्या बहुधा जोडीने बसवतात. त्यातली एक जळाली की उरलेली टाकून द्यायचा धाकट्याला धीर होत नसे. ती डब्यात जाई. "हे माझे विधुर," तो म्हणायचा. "कुठे ना कुठे स्थळ मिळेल." पुष्कळांना मिळालंही.

ताईची नजर अधू झाल्यापासून तिचं मशीन तिला पुस्तकं वाचून दाखवायचं. पण हल्ली ते अडखळायला लागलं होतं. अर्धा शब्द बोलून विचारात पडल्यासारखं गप्प व्हायचं. इकडे लेकीचा धोशा सुरूच होता, "आई, घर बंद कर आणि ये. मी वाचून दाखवते ना!" लेक कशी वाचते हे ताईला पक्कं ठाऊक होतं. वर्णन आलं की गाळते, आणि कोणी मरणार असेल तर आधीच सांगून मोकळी होते. आपलं आपण वाचणं गेलं म्हणजे हे घरही गेलं, एवढं ताईला स्वच्छ दिसत होतं.

धाकटा डबा काखेत मारून आला.

"तुझी एक पट्टी जळलीय. उरलेलीच्या जोडीला हा विधुर देतो. वेगाने जरा वेगळा आहे, पण जमवून घेईल."

"वेगळा म्हणजे?"

"हा पळणारा, तुझी चालणारी. दोघं मिळून चालतील. संसारात दुसरं काय होतं?"

"तुला रे काय माहीत संसारातलं? लग्न केलंस का?"

"म्हणूनच लांबून नीट बघितलंय."

मशीन सुरू झालं. त्याने एक पान वाचायला लावलं, ते खळाळत वाचलं गेलं, आणि स्वारी गुडघा धरत, पण खुशीत, जिना उतरली.

चूक झाली ती तिथेच. धाकट्याची परीक्षा एका पानाची, आणि ताई कादंबरी घेऊन बसली की कुणी उठवल्याशिवाय उठायची नाही. बऱ्याच वेळाने मशीन तापायचं, दोन पट्ट्यांचं बिनसायचं, पडदा निळा होऊन सगळं ठप्प. ताई बंद करायची, थांबायची, पुन्हा सुरू करायची. फोनवर धाकटा विचारायचा, "कसं चाललंय?" ताई म्हणायची, "मस्त." तिचा जिना उंच, त्याचा गुडघा कामातून गेलेला. पुन्हा कशाला चढवायचं त्याला?

एक दिवस तो न कळवता उगवला. मशीन मुकं, आणि ताई मांडीवर हात ठेवून त्याच्यासमोर बसलेली, दवाखान्यात नंबर लावून बसावं तशी.

"कधीपासून असं?"

"हे काय, आत्ताच."

"ताई."

"बरं बाबा, पहिल्याच दिवसापासून."

तो स्टुलावर टेकला. "मी मिशा ठेवल्या तेव्हा भर पाहुण्यांत म्हणालीस, झुरळ बसलंय ओठावर. आणि हे फसलेलं काम गोड मानून घेतलंस? इतका म्हातारा झालो का गं मी?"

ताई म्हणाली, "गुडघा म्हातारा झालाय. बाकी तू अजून होतास तसाच मूर्ख आहेस."

तो हसला, आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिला. मग जिना उतरून दुकानात गेला, तो तिथल्या स्वतःच्या मशीनच्या दोन्ही पट्ट्या काढूनच परत वर आला. तीही मूळची जोडीच, आणि दोन्ही मशीनं त्यानेच एका घाटाची जोडलेली, त्यामुळे चपखल बसल्या.

"आणि तुझं काय?"

"तुझी जुनी पट्टी नेतो. मला कुठे कादंबऱ्या वाचायच्यात? मी पत्ते खेळतो."

या वेळी मात्र तो एका पानावर उठला नाही. दुपारभर बसून राहिला. मशीन कादंबरी वाचत होतं, दोघं ऐकत होती. मधेच त्याने विचारलं, "ती परत येते का गं त्याच्याकडे?"

"गप्प ऐक."

दिवे लावायची वेळ झाली तरी मशीन थांबलं नाही. ताईने लेकीला फोन करून सांगितलं, येत नाही. धाकटा निघाला तेव्हा ती दारापर्यंत गेली.

"तुझ्या मशीनला चांगली जोडी आणू. जुन्या सामानाच्या बाजारात मी येते बरोबर. तुला एकट्याला कोणीही गंडवतं."

"तू येणार? तुला दिसणार काय तिथे?"

"भाव करायला डोळे लागत नाहीत."

"गुडघा जरा बरा झाला की जाऊ," तो म्हणाला. मग गुडघा बरा होता तेव्हा ताईला खोकला झाला, खोकला गेला तेव्हा त्याच्याकडे कधी नव्हे ते काम आलं. दर फोनच्या शेवटी कोणीतरी म्हणायचंच, "अरे, ती जोडी आणायचीय," आणि दुसरं म्हणायचं, "जाऊ ना, घाई काय आहे?"