मद्रासला एक दिवस

चेन्नईच्या एका दिवसाचं नियोजन मी दोनदा केलं. पहिलं तिघांचं होतं. दुसरं परवा केलं, ते दोघींचं आहे. दोन्ही एकाच वहीत आहेत, मध्ये साधारण सव्वा वर्षाचं अंतर आहे.

आमचं गाव हिंगोलीकडच्या गोरेगावपासून जवळ. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. हे मी आधीच सांगून टाकते, कारण मला त्याचा अभिमान आहे, आणि पुढं जे झालं त्यात त्या अभिमानाचाही हात आहे. बाबा चौथीपर्यंत शिकले. माय शाळेत गेलीच नाही. मी त्यांची एकुलती एक. भूगोल घेऊन बी.ए. केलं, मग बी.एड., आणि आता सेनगावला एका शाळेत शिकवते. रोज जीपनं जाते, जीपनं येते. सातवीच्या मुलांना भरती-ओहोटी शिकवायला लागते. पृथ्वी, चंद्र आणि चंद्राच्या बाजूला फुगलेलं पाणी, ही आकृती मी मुलांकडं तोंड करून, फळ्याकडं न बघता काढू शकते. पण समुद्र मी पाहिलेला नाही. एकदा वर्गात एका मुलीनं विचारलं होतं, "मॅडम, तुमी बघितली का भरती?" मी तिला म्हणाले, पुस्तकाकडं बघ.

बाबांना चेन्नईशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना रामेश्वरला जायचं होतं. काही वर्षांपूर्वी ते शेजारच्या काकांबरोबर काशीला गेले होते. येताना दोघांनी गंगेचा एकेक गडू आणला. तांब्याचा, मुठीएवढा, तोंडाला कथलाची झाळ देऊन बंद केलेला. आमच्याकडं काशी केली की ती गंगा रामेश्वराला नेऊन वाहायची, तेव्हा कुठं काशी पुरी होते. काका दोन वर्षांत एका यात्रेच्या बसमधून जाऊन आले. बाबांचं मात्र दर वर्षी काहीतरी निघायचं. कधी गुडघा, कधी माझी बी.एड.ची परीक्षा. गडू आपला देवळीत पाटावर बसून राहिला. माय दर सोमवारी त्याला चिंच लावून घासायची, त्यामुळं तो नवाच दिसायचा.

काका येताजाता टोमणा मारायचे. "अरे, तुझी काशी अर्धीच हाय अजून. गंगा शिळी झाली आसंल त्या गडूत."

"गंगा शिळी होत न्हाई," बाबा म्हणायचे. "मानूस होते."

मागच्याच्या मागच्या साली, पोळा झाल्यावर, बाबा आपणहून म्हणाले की औंदा जाऊ. मी त्याच आठवड्यात मोबाईलवर तिकिटं काढली. दिवाळीच्या सुट्टीतली. हिंगोलीहून हैदराबाद, तिथून चेन्नई, तिथून रामेश्वर. चेन्नईत संध्याकाळी उतरायचं आणि दोन तासांत पुढच्या गाडीत बसायचं. बाबांनी तिकिटाचा कागद घडी करून टोपीत ठेवला. ते चेन्नईला शेवटपर्यंत मद्रासच म्हणत राहिले.

मग मी नकाशा उघडला. स्टेशनापासून समुद्र किती लांब आहे ते बघितलं. रिक्षानं जाण्याइतका. एवढ्या जवळून जायचं आणि दोन तास फलाटावर पिशव्यांवर बसून काढायचे, हे मला काही केल्या पटेना. सकाळी उतरून संध्याकाळी निघणारी गाडी धरली तर अख्खा दिवस मिळत होता. पण सुट्टीत त्या गाडीला जागा नव्हती. शिवाय मला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. आपल्याकडं पाऊस संपतो तेव्हा तिकडच्या किनाऱ्यावर त्यांचा पाऊस सुरू होतो, ईशान्येकडून येणाऱ्या वाऱ्यांचा. दिवाळीच्या सुमारास तो ऐन भरात असतो. समुद्र खवळलेला, कदाचित लोकांना वाळूवर जाऊही देत नसतील. माघात आभाळ मोकळं असतं. पौर्णिमेच्या आसपास गेलं तर भरतीही मोठी बघायला मिळेल. हे सगळं मी बाबांना ओसरीवर बसवून, वहीत नकाशा काढून सांगितलं. काकाही होते. ते हसले. "पावसाला भिऊन देव सोडलेला कास्तकार पयल्यांदाच पाहून राहिलो," म्हणाले.

बाबांनी नकाशा बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "तू शिकलेली हायेस, पोरी. तू म्हनशील ते बराबर."

मी दिवाळीची तिकिटं रद्द करून माघाची काढली. बाबांच्या तब्येतीसाठी, धावपळ नको म्हणून, असंही मी त्यांना सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण समुद्र होतं, आणि तो त्यांना नाही, मला बघायचा होता.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरीच होतो. मग मी नियोजन करायला बसले. उतरल्यावर स्टेशनावरच तोंड धुणं, सामानघरात पिशव्या. नाश्ता. आठपर्यंत समुद्रावर. त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा मी शोधून काढल्या होत्या. सकाळी भरती, दुपारी ओहोटी, मध्ये सहा तास आणि थोडं वर. हे बाबांना सांगितलं तर त्यांना अजिबात पटलं नाही.

"चंद्र पानी वढते?" ते म्हणाले. "मंग आपल्या हिरीचं काहून वढत न्हाई?"

मी समजावलं. विहीर लहान, समुद्र मोठा. त्यांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. म्हणाले, "काठी रोवून बसू. सकाळी पान्यापाशी रोवायची. दुपारी पानी कुठं गेलं ते डोळ्यानं बघू. तवा खरं."

मी यादीत लिहिलं: काठी. मायनं विचारलं, रेल्वेत काठी नेऊ देतात का. बाबा म्हणाले, म्हाताऱ्याची काठी कोण काढून घेते.

एक अडचण मात्र मला आधी सुचलीच नव्हती. ती मायनं काढली. गंगेचा गडू घरातून निघाला की रामेश्वर येईपर्यंत भुईला टेकवायचा नाही. गाडीत मांडीवर, नाहीतर खुंटीला. मग समुद्रावर काय करायचं? वाळू म्हणजे भुईच. पाण्यात घेऊन जावा तर हातातून निसटला म्हणजे?

"मी बसतो गडू घेऊन," बाबा म्हणाले. "तुमी दोघी जावा पान्यात. मला काय, मी वाळूतून बघीन."

मला ते चालणार नव्हतं. मी वहीत पाळ्या लावल्या. आधी बाबा वाळूवर, माय आणि मी पाण्यात. मग माय वाळूवर, बाबा आणि मी पाण्यात. मग मी वाळूवर, ते दोघं पाण्यात. प्रत्येक पाळीला अर्धा तास. प्रत्येकाला बाकीच्या दोघांबरोबर एकेकदा जायला मिळत होतं. मला ती मांडणी इतकी आवडली की ती मी दुसऱ्या पानावर चांगल्या अक्षरात पुन्हा उतरवली. बाबांनी पाळ्या वाचून बघितल्या, बोट ठेवून, सावकाश. तिसऱ्या पाळीवर बोट थांबलं. मायकडं बघून म्हणाले, "लगीन झाल्यापासून आपुन दोघंच कुठं गेलो बी न्हाई." माय उठून चुलीपाशी गेली.

पौष लागला. आम्ही तूर कापत होतो. बाबा पेंढ्या बांधता बांधता शेताच्या धुऱ्यावर बसले आणि छातीवर हात ठेवला. जीपनं हिंगोलीला नेलं. तीन दिवस दवाखान्यात ठेवून डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. हृदय फारच थकलंय, जास्त दिवस नाहीत, घरी न्यायचं असलं तर न्या म्हणाले. बाबांनी माझ्या तोंडाकडं बघून ते ओळखलं असावं. जीपमध्ये एवढंच विचारलं, माघ पौर्णिमेला किती दिवस राहिले. मी मोजून सांगितले.

त्यानंतर दोन दिवस होते. तिसऱ्या दिवशी दुपारी श्वास लागला. ऊन दारातून खाटेपर्यंत आलं होतं. काका आले. आमच्याकडं जाणाऱ्याच्या मुखात गंगा आणि तुळशीचं पान घालतात. मायनं देवळीतून गडू काढला. तिनं तो काकांकडं दिला. काकांनी झाळ उचकायला पकड आणली होती. पकड गडूच्या तोंडाला लागली तेव्हा बाबांनी हात वर केला.

"ती न्हाई."

काकांना वाटलं, त्यांना कळत नाहीये. ते जवळ जाऊन म्हणाले, "अरे, गंगा हाय. काशीची. आपुनच आनलेली."

"रामेश्वराची हाय ती," बाबा म्हणाले. एकेक शब्द वेगळा येत होता. "कबूल केलेली हाय."

"रामेश्वर काय जिवापेक्षा मोठा हाय का? देव समजून घेते, बाप्पा."

बाबांनी मान हलवली. मग माझ्याकडं बघितलं. "हिरीचं दे."

काका म्हणाले, गावात आणखी एका घरी गंगा आहे, मागून आणतो. बाबांनी डोळ्यांनीच नको म्हटलं. मी माठातलं पाणी चमच्यात घेतलं. आमच्याच विहिरीचं, सकाळी भरलेलं. त्यावर तुळशीचं पान ठेवलं. पहिला चमचा आत गेला. दुसरा गालावरून उतरला, तो मी पदरानं पुसला.

माघाची तिकिटं मी तेराव्यानंतर रद्द केली. आमच्याकडं वर्षश्राद्ध होईपर्यंत यात्रा करत नाहीत. मोबाईलवर तीन नावांपुढं खूण करायची होती. माझ्या, मायच्या, बाबांच्या. मी ते ओसरीत बसून करत होते, काका समोर होते. मी त्यांना म्हणाले, दिवाळीत गेलो असतो तर बाबांच्या हातून गंगा वाहिली गेली असती. त्यांनी नाही म्हटलं नाही, आणि तसं ते खोटं बोलणारेही नाहीत. मग म्हणाले, "पारावर रोज सांगायचा तो. पोरगी मला मद्रासला एक दिवस थांबवनार हाय म्हने. समुद्रात काठी रोवनार हाये म्हने. आमी कटाळलो होतो ऐकून."

हे ऐकून बरं वाटलं असं मी लिहिणार नाही. त्यांना समुद्र बघायचा होता हे खरं. त्यांना गंगा वाहायची होती हेही खरं. दोन्हींतली कुठली गोष्ट आधी, हे मी ठरवलं, आणि पुस्तकात बघून ठरवलं. पाऊस त्या वर्षी तिकडं दिवाळीत पडला का, हे मी कधीच शोधलं नाही. शोधायला मोबाईलवर दोन मिनिटं लागतील.

आता वर्ष सरलंय. श्राद्ध गेल्या महिन्यात झालं. मायनं गडू घासला आणि मला म्हणाली, तिकिटं काढ. मी काढायला बसले ती दोन तासांचीच. चेन्नईत उतरायचं, फलाट बदलायचा, पुढं निघायचं. मायला सांगितलं की या वेळी कुठं थांबायचं नाही, आधी गंगा पोचवायची.

ती कडधान्य निवडत होती. "आन काठी?" म्हणाली.

मला आधी कळलं नाही.

"त्यायनं म्हनलं व्हतं ना, काठी रोवून बघू म्हनून. पानी सरकते का न्हाई." तिनं सूप खाली ठेवलं. "बघू की. तुझं खरं का त्यायचं खरं."

मी म्हणाले, गंगेला पुन्हा उशीर नको. ती म्हणाली, एक दिवसानं आता कुनाला उशीर होते.

मी सकाळी उतरणारी गाडी काढली. माघातलीच. भरती-ओहोटीच्या वेळा पुन्हा बघितल्या, त्या मागच्यापेक्षा वेगळ्या आहेत. बाबांची काठी दाराआड होती, तिचं टोक मी पुसून ठेवलं. मग जुनं पान उघडून पाळ्या नव्यानं मांडायला बसले. तिघं असताना दोघं पाण्यात आणि एक वाळूवर असं जमत होतं. दोघींत ते जमत नाही. गडू भुईला टेकवायचा नाही, म्हणजे एकीनं तो घेऊन वाळूवर बसायचं आणि दुसरीनं पाण्यात जायचं. कितीही फिरवून लिहिलं तरी माय आणि मी एका वेळी समुद्रात उभ्या राहू शकत नाही.

पाण्यातली पहिली पाळी मी मायची लिहिली आहे.