ग्रंथपाल सर आणि माझं सॉफ्टवेअर

घोलवडच्या वाड्यांत चिकू तोडणाऱ्या आणि खोक्यांत भरणाऱ्या बायकांच्या मुलाखती, हा माझा पीएचडीचा विषय. रेकॉर्डिंग ऐकून सगळं उतरवून काढलं होतं. एक सॉफ्टवेअर थोडे दिवस फुकट वापरायला मिळालं, म्हणून त्यातच वाक्यांना विषयवार खुणा करत गेले. मुदत संपली आणि फाईल उघडेनाशी झाली. तीन आठवड्यांचं काम आत अडकलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या गावाहून, झरीहून जीप पकडून डहाणूच्या ग्रंथालयात गेले. तिथे जाऊन काय होणार होतं, मलाही माहीत नव्हतं. ग्रंथपाल सरांनी माझा चेहरा पाहिला आणि खुर्ची पुढे सरकवली. सगळं ऐकून म्हणाले, "मला या सॉफ्टवेअरमधलं काही कळत नाही. पण शोधायचं कसं, ते कळतं. बस."

पुस्तकांच्या नोंदीच्या एका जुन्या कार्डाच्या मागच्या बाजूला त्यांनी लिहिलं: कायमचं फुकट आहे का? मराठी अक्षरं नीट दिसतात का? नेट नसताना चालतं का? मग एका बोटाने टाइप करत शोधायला लागले. पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसले. दुसरं नेटशिवाय हलेना. तिसरं चाललं, पण माहितीपुस्तिका लांबलचक आणि इंग्रजीत. सर ती छापून घरी घेऊन गेले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी माझ्यासमोर दोनशे पानी वही ठेवली. प्रत्येक पायरी मराठीत, बटणांची चित्रं काढून.

"सर, एवढं तुम्ही केलंत?"

"मीही एकदा पीएचडीला नाव घातलं होतं. मग राहूनच गेलं," एवढं बोलून ते कॉम्प्युटरकडे वळले.

पहिल्या मुलाखतीला नव्याने खुणा करायला आम्ही दोघं मिळून बसलो. एक बाई म्हणाली होती, "कच्च्या फळाचा चीक हाताला बसतो, जाता जात नाही. घरी गेल्यावर पोरीच्या गालाला हात लावत नाही मी." मी त्या वाक्याला 'आरोग्य' अशी खूण दिली.

सरांनी त्या खुणेवर बोट ठेवलं. "फक्त आरोग्य? ती पोरीबद्दल बोलतेय ना गं?"

मी पुन्हा वाचलं. मग खाली अजून एक खूण जोडली, 'माया'. त्या दिवशी बाकीच्या मुलाखती चाळल्या, तर माया जागोजागी सापडत गेली. शेवटी त्यावर एक अख्खं प्रकरण झालं.

तोंडी परीक्षा झाली तोवर सर निवृत्त झाले होते. विद्यापीठाच्या जिन्यातूनच त्यांना फोन लावला.

"सर, झाली!"

"अगं, असं एका शब्दात नको. परीक्षकांनी पहिलं काय विचारलं ते सांग."

मी सांगितलं.

"मग तू काय म्हणालीस?"

मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि एकेक प्रश्न, एकेक उत्तर, सगळं त्यांना पहिल्यापासून सांगत गेले.