तीन वाक्यं, जी मी हसण्यावारी नेली

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही 'आहे' म्हणायला जीभ वळत नाही. भयकथा मात्र मी ढिगाने वाचल्यात... करमणूक म्हणून.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर सुटे भाग तपासायचे आणि खोट काढायची. हीच खोड पुस्तकं वाचतानाही लागली. आकुर्डीहून कंपनीच्या बसने तासभर लागतो, तेवढंच माझं वाचन. गेल्या वर्षी वाचनालयातून एक जाडजूड भयकादंबरी आणली होती. तिच्यात कुणावर काही ओढवायचं असलं की दर वेळी तीच तीन वाक्यं — 'उजेड होता, पण दिसत नव्हतं. तोंडात पितळेची चव आली. आणि त्याच्याच आवाजात कुणीतरी त्याला हाका मारू लागलं.'

आठव्यांदा ती वाक्यं आली आणि मी बसमध्येच हसले. वाचकांच्या ग्रुपवर लगेच पोस्ट टाकली. पहिली दोन वाक्यं देऊन लिहिलं, "लेखकाने कॉपी-पेस्टचं बटण झिजवलंय." भरपूर हशा मिळाला. तिसरं वाक्य दुसऱ्या पोस्टसाठी राखून ठेवलं. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

तो गुरुवार होता. आमच्या ह्यांना गुरुवारी सुट्टी, मला रविवारी. हे मूळचे चऱ्होलीचे, भोसरीला लेथ मशीनवर काम करतात. पुस्तकाला कधी हात लावत नाहीत, उलट माझ्या वाचनाची टिंगल करतात. एकच्या सुमारास, लंचमध्ये, त्यांचा फोन आला.

"अगं, उजेड हाय... पन दिसत न्हाई."

"काय?"

"तोंडात पितळंची चव आलीया. आन्... माझ्याच आवाजात मला कोनतरी हाका मारतंय."

मला काय वाटलं असेल? माझं पुस्तक गुपचूप चाळलं आणि आता माझी फिरकी घेतायत! मी म्हटलं, "पुरे नाटक. पाठ बरं केलंत! माझा लंच संपतोय."

"अगं, खरंच—"

मी फोन कापला. कापून हसले. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला सांगितलंसुद्धा... आमचे हे पण आता भयकथा वाचायला लागले म्हणून.

तीनच्या सुमारास शेजारच्या शबानाभाभींचा फोन आला. ह्यांना अर्धांगाचा झटका आला होता. भाभींनी आणि त्यांच्या मिस्टरांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर त्यांना एवढंच म्हणाले होते, "दोन तास आधी आणायला हवं होतं."

दोन तास आधी मी फोनवर होते.

दिसेनासं होणं, चव बदलणं... हे होऊ शकतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. हाकांबद्दल विचारलं तर म्हणाले, "भास असेल." मीही तेच धरून बसले असते. पण भाभी काय म्हणाल्या ते ऐका.

"ताई, कोणीतरी सारखं 'सुनील, ए सुनील' ओरडत होतं. आवाज सुनीलभाईंचाच. मला वाटलं, स्वतःचंच नाव का घेतायत? दार लोटलं, तर भाई हॉलमध्ये पडलेले. तोंड वाकडं, शब्द फुटत नव्हता. आणि आवाज... आवाज किचनमधून येतच होता."

किचनमध्ये कुणी नव्हतं. भाभी नमाजी बाई, उगाच बोलणाऱ्यातल्या नाहीत. त्यानंतर त्या आमच्या उंबऱ्याच्या आत आलेल्या नाहीत. डबा दारातूनच देतात.

ग्रुपवर हे लिहिलं तेव्हा निम्मे म्हणाले योगायोग, निम्मे म्हणाले पुस्तक जाळा. एकाने विचारलं, "कादंबरीचं नाव काय? वाचायचीय." मी ग्रुप सोडला. पुस्तक वाचनालयाला परत केलं, शेवट न वाचता. आधी पोस्ट टाकणारी मीच होते, तेव्हा त्या माणसाला तरी काय बोलणार?

ती वाक्यं ह्यांच्या तोंडी कुठून आली, ते ह्यांनाच विचारायला हवं. पण ह्यांची वाचा गेलीय. लिहायचा हातही गेलाय. एकदा मी धीर करून विचारलं, "पुस्तक चाळलं होतंत ना? हो म्हणा, मान हलवा." मला 'हो' हवं होतं. ह्यांनी मान डावी-उजवीकडे हलवली. मग भिंतीकडे तोंड केलं.

एवढंच कळतं की मी किचनमधून हाक मारली की हे वळून बघत नाहीत. डोळे घट्ट मिटून घेतात... मी बाहेर येऊन खांद्याला हात लावेपर्यंत.