केपची द्राक्षं

दुकानात शिरली की मरियमबी आधी फळांच्या पेटीवरचा छाप बघायची. केपचा असला की मोठ्याने जर्मनमध्ये 'नको' म्हणायची, "नाइन!" दुकानदारीण दचकायची, मी मरियमबीच्या मागे लपायची.

जर्मनीत बॉनला हे डॉक्टरेट करत होते. मी चौथी शिकलेली, जर्मन येत नव्हतं. मरियमबी खालच्या खोलीत राहायची, नर्स होती. एकदा जिन्यात म्हणाली, "काय गो बाय, गाव खंयचा?" मला रडूच आलं. तिचा बाप रत्नागिरीकडून बोटीने दक्षिण आफ्रिकेला गेलेला, आई तिथलीच, केप प्रांतातली. भात ढवळता ढवळता ती मुलूख सांगायची. पुढे समुद्र, मागे सपाट माथ्याचा डोंगर, पलीकडे द्राक्षांचे मळे. "मळे गोऱ्यांचे, राबणार आमी. मजुरीत दारूचा पेला द्येत, सकाळधरना. माणूस ताठ उभाच रवायचा नाय."

माझ्या सातव्या महिन्यात, बाहेर बर्फ असताना, यांनी हौसेने द्राक्षं आणली. ओटी भरायला मरियमबीच होती. तिने घड बाजूला सारला.

"अहो मरियमबी, एका घडाने त्यांचं राज्य बुडणार आहे का?" हे म्हणाले.

"नाय बुडूंदे. माजी आई सातव्या महिन्यात हीच तोडीत होती. माज्या हातानं त्या गोऱ्यांची ओटी भरायची नाय."

आणि तिने पाच बटाटे माझ्या ओटीत घातले. मी हसले. ती हसली नाही.

त्याच सुमारास तिच्या पासपोर्टाची मुदत संपली. तिकडे आई अंथरुणाला खिळलेली. तिकडच्या गोऱ्या सरकारच्या माणसाने बजावलं, आमच्याविरुद्ध सभांतून बोलणं सोड, मग नवा देऊ. रविवारी चर्चच्या हॉलमध्ये तिचं बोलणं ठरलं होतं.

मी म्हटलं, "एवढ्या खेपेला गप्प बस गं. आईला भेटून ये."

"गप बसून गेलंय, तर आई मना वळखायची नाय."

रविवारी ती बोलली. पासपोर्ट मिळाला नाही. उन्हाळ्याआधी आई गेली. त्या दिवशीही मरियमबी कडक इस्त्रीची टोपी घालून कामावर गेली. पुढे तिची बदली दुसऱ्या गावी झाली.

पुढच्या हिवाळ्यात लेकीला कडेवर घेऊन मी दुकानात गेले. दुकानदारणीने प्रेमाने एक द्राक्ष पोरीपुढे धरलं. मी पेटीकडे पाहिलं. अक्षरं मला लागत नव्हती, पण छाप ओळखीचा होता. त्या दुकानात माझा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता. त्या दिवशी मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.