कालवडीची आई कोण

खून कुणी केला हे आमच्या सुनेला नेहमी आधीच कळतं. टीव्हीवर मालिका सुरू झाली की ती भाकरी थापता थापता सांगते, "आत्या, तो धाकटा दीर बघा. त्यानंच केलंय." बहुतेक वेळा तिचं बरोबर निघतं. मला मात्र खुन्यापेक्षा त्यातली पांढऱ्या कोटातली बाई बघायला आवडते. चिमट्यानं एक केस उचलायचा, पिशवीत घालायचा आणि मग तो केस कुणाचा ते सांगायचं. केस बोलत नाही, रक्ताचा डाग बोलत नाही, तरी ती बाई त्यांचं ऐकते. मला स्वतःला चार माणसांत बोलता येत नाही. सून आली, नातू झाला, तरी परका पुरुष समोर आला की माझे शब्द घशातच राहतात. म्हणून असेल, पण ते काम बघून मला बरं वाटायचं.

मालक म्हणायचे, "ही सगळी बनवाबनवी हाय. खऱ्यात एवढं कोण करतंय?"

आमची कालवड चोरीला गेली तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

आमचं गाव आटपाडीच्या बाजूला. पाऊस कमी, पण खिल्लार जनावराची हौस घराघरात. माझ्या लग्नात वडिलांनी मला एक खिल्लार गाय आंदण दिली होती. त्या गाईची नात आमच्या गोठ्यात होती, आता म्हातारी झालेली. तिला लागोपाठ खोंडच झाले आणि ते बाजारात गेले. अगदी शेवटी ही एक कालवड झाली. त्यानंतर गाय फळली नाही. म्हणजे माहेरचं जे काही माझ्या दारात होतं ते त्या कालवडीत होतं. वडील आता नाहीत. भाऊ पुण्याला गेला, माहेरच्या गोठ्यात आता त्याची मोटारसायकल असते.

मार्गशीर्षात आम्ही सगळे एका लग्नाला गेलो. दुपारी परत आलो तर म्हातारी गाय जागेवर रवंथ करत होती आणि शेजारचं दावं कापलेलं. सून पळत रस्त्यापर्यंत जाऊन आली. टेम्पोच्या चाकांच्या खुणा होत्या, पण डांबरी रस्त्याला लागल्यावर त्याही संपल्या.

मालक पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेले. तिथल्या हवालदारांनी पहिला प्रश्न विचारला, "कानात बिल्ला हाय?"

बिल्ला नव्हता. सरकारी माणसं गावात बिल्ले मारायला आली होती तेव्हा मालक कालवडीला घेऊन मुद्दाम ओढ्याकडे गेले होते. कान टोचला की प्रदर्शनात जनावराचा रुबाब जातो, असं त्यांचं आणि गावातल्या निम्म्या माणसांचं मत. हवालदार म्हणाले, "मग कशी वळखायची? पांढरी हाय म्हणून? आटपाडीच्या बाजारात समदी पांढरीच असत्यात." मालकांनी सांगितलं, डावं शिंग जरा आत वळलंय आणि कपाळावर भोवरा आहे. तसं लिहून घेतलं.

मग बरेच महिने काहीच झालं नाही. मी रोज दोन पाट्या वैरण काढायची आणि एक परत ठेवायची.

बैलांचा बेंदूर झाला आणि दोन दिवसांनी सून मोबाइल घेऊन चुलीपाशी आली. तिच्या माहेरच्या कुणीतरी वडूजजवळच्या एका गावची बेंदराच्या मिरवणुकीचा व्हिडिओ पाठवला होता. रंगवलेले बैल, हलगी, नाचणारी पोरं आणि त्यांच्या मागून हौसेनं सजवलेल्या दोन कालवडी. त्यातली एक चालताना मागचा उजवा पाय किंचित झटकत होती, पायाला काही चिकटल्यासारखं. आमची कालवड अशीच चालायची.

"परत लाव," मी म्हटलं. सुनेनं परत लावलं.

"ही आपली."

मालकांनी डोळे बारीक करून बघितलं. "शिंग तर सरळ हाय."

शिंग सरळ होतं खरं. पण बेंदराला शिंगं तासतातच. तासून, रंगवून, वर गोंडे बांधल्यावर मूळचं शिंग कसं होतं ते कोण सांगणार? आमची खूण सणानं पुसून टाकली होती.

मालक दोन माणसं घेऊन त्या गावी गेले. ज्याच्या दारात कालवड होती तो चोर नव्हता. चांगला बागायतदार माणूस, घरातला एक भाऊ फौजेत. बाजारातून घेतली म्हणाला. भोवऱ्याचं सांगितल्यावर तो हसला. "पाव्हणं, भवरा बघूनच तर घेतली. त्यो मला बी दिसतोय. डोळं काय तुमालाच हायती?"

त्याचंही खरं होतं.

प्रकरण दोन जिल्ह्यांच्या पोलिसांत अडकलं. हे म्हणायचे त्यांच्याकडे जा, ते म्हणायचे यांच्याकडे. शेवटी दोन्हीकडच्या जाणत्या माणसांनी एक तोड काढली. म्हातारी गाय तिकडे न्यायची, दोघींना मोकळं सोडायचं. लेक असली तर आईकडे जाईल. आमच्याकडे असे निवाडे पूर्वीपासून होतात आणि त्यावर कुणी शंका घेत नाही. हवालदारांनाही ते पसंत पडलं. जनावराचं वय बघायला डॉक्टर लागणार होते, म्हणून जागा ठरली ती तिकडच्या जनावरांच्या दवाखान्यापुढचं पटांगण.

गाय पिकअपमध्ये चढवली. कालवड मीच ओळखली होती म्हणून मलाही नेलं. सून सोबतीला आली. वाटेत मला एकच वाटत होतं, आज ती परत येणार. मी तिच्यासाठी नवं दावं वळून घेतलं होतं.

पटांगणात जत्रा भरल्यासारखी माणसं. झाडावर पोरं, भिंतीवर म्हातारे. गाय एका बाजूला सोडली, कालवड दुसऱ्या बाजूला. कालवडीनं मान वर केली, वास घेतला, दोन पावलं आमच्या बाजूला आली. मालक म्हणाले, "आली, आली." मग ती वळली आणि सरळ त्या शेतकऱ्याच्या बायकोकडे गेली. तिच्या पदराला नाक लावून उभी राहिली. आमची गाय निवांतपणे भिंतीकडेचं गवत ओढत होती. तिनं वरसुद्धा बघितलं नाही.

सगळं पटांगण हसलं.

"झाला निकाल!" भिंतीवरचा एक म्हातारा ओरडला. "आटपाडीकर, गाय न्या, न्हाईतर ती बी हितंच ऱ्हायाची!"

मालकांचा चेहरा उतरला. ते दावं गोळा करायला लागले. हवालदार म्हणाले, "मावशी, झालं न्हवं समाधान? आता तक्रार मागं घ्या, म्हंजी आमीबी मोकळं."

घरी जाऊन रिकामी जागा बघायची होती. म्हातारी गाय किती दिवसांची सोबती? ती गेली की माझ्या वडिलांच्या गोठ्यातलं काहीच उरणार नव्हतं. आणि कालवड तर समोर होती, ढळढळीत, मागचा पाय झटकत. मी सुनेचा हात धरला आणि म्हटलं, "रक्त तपासा की."

इतकं हळू म्हटलं की सुनेनं ते मोठ्यानं परत सांगितलं. "आत्या म्हणत्यात, दोघींचं रक्त तपासा."

परत हशा पिकला. हवालदार पोट धरून हसत म्हणाले, "आवं मावशी, टीव्ही लय बघता वाटतं! ही काय माणसं हायती? उद्या म्हणाल, बैलाच्या बोटाचं ठसं घ्या."

मी पदर तोंडाशी धरला आणि जमिनीकडे बघत उभी राहिले. तेव्हा दवाखान्याच्या पायरीवरून डॉक्टर खाली आले. तरुण होते, कालवडीचे दात बघताना हाताला लागलेली लाळ पुसत होते.

"होतं की," ते म्हणाले. "जनावराचाही डीएनए तपासता येतो. अशा भांडणात पूर्वीही तपासलेला आहे. आई जिवंत आहे ना? मग काम सोपं आहे. पोलिसांनी पत्र दिलं की मी नमुने घेतो."

"आन् मघाशी केलं त्ये?" भिंतीवरच्या म्हाताऱ्यानं विचारलं.

"आजोबा, दूध तुटल्यावर जनावर आईला विसरतं. जी घास देते तिच्याकडे जातं. तुम्हीही जेवायला हाक मारील तिकडेच जाल की."

आता म्हाताऱ्याला सगळे हसले.

पत्राला आठवडा लागला. आम्ही परत गेलो. डॉक्टरांनी हातमोजे घातले, गाईचं रक्त घेतलं, शेपटीचे केस मुळासकट उपटले, पाकिटात घातले. मग ते हातमोजे काढून टाकले आणि कालवडीसाठी नवे घातले. मी बघत होते. मालिकेतली बाई असं कधी करत नाही, एकाच जोडीवर सगळा भाग निघतो. विचारावंसं वाटत होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि आपणच सांगितलं, "आईचा एक केस जरी लेकीच्या पाकिटात गेला, तरी सगळं वाया. मग समोरचा म्हणेल, तुम्हीच मिसळलं. आणि ते खोटं म्हणता येणार नाही."

"आन् कळतं कसं?" मी विचारलं. मलाच नवल वाटलं.

"लेकरात निम्मं आईचं असतं, निम्मं बापाचं. कालवडीत बरीच ठिकाणं तपासायची. प्रत्येक ठिकाणी निम्मं या गाईशी जुळलं पाहिजे. चार ठिकाणी जुळलं आणि चार ठिकाणी नाही, तर ही आई नव्हे."

"नव्हे" हा शब्द मी तोवर मनात आणला नव्हता. पाय झटकणाऱ्या कालवडी जगात आणखी नसतील कशावरून? पाकिटांवर लाखेची मोहर लागत होती तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली.

मालिकेत जाहिराती संपल्या की रिपोर्ट हजर असतो. आमच्या रिपोर्टाला गौरी-गणपती गेले, दसरा गेला. कालवड तोवर त्यांच्याच दारात ठेवायची असं पोलिसांनी ठरवलं. दिवाळीच्या आधी त्या शेतकऱ्याच्या बायकोचा सुनेच्या मोबाइलवर फोन आला. सुनेनं मोबाइल माझ्या हातात कोंबला आणि पळाली.

"अक्का," तिकडून आवाज आला, "आमच्या घरात समदी म्हणत्यात, त्यास्नी फोन करू नगं. पर मी म्हटलं, करावा. तुमची निघाली तर तुमी न्यालच. फकस्त तिला मक्याची कुट्टी दिऊ नगा, पोट फुगतंय. आन् खाताना तिच्याशी बोलावं लागतं. न्हाईतर खात न्हाई."

मी म्हटलं, "व्हय."

"तुमाला लय वाईट वाटलं असंल त्या दिवशी."

"व्हय," मी म्हटलं. मग मीच म्हटलं, "तुमाला बी वाटंल आता."

ती हसली, पण हसण्यात पाणी होतं. त्यानंतर आम्ही अधूनमधून बोलायला लागलो. तिच्याशी बोलताना माझे शब्द अडत नसत. समोर तोंड दिसत नव्हतं म्हणून असेल.

संक्रांतीच्या सुमाराला रिपोर्ट आला. हवालदार स्वतः आमच्या दारात आले. चहा प्यायले आणि मला म्हणाले, "मावशी, जुळलं. समद्या ठिकाणी जुळलं. त्या दिवशी मी लय हसलो, डोक्यात ठेवू नगा." मालकांनी कागद उलटसुलट करून बघितला. इंग्रजीत होता. सुनेनं वाचून सांगितलं, ही गाय या कालवडीची आई असल्याचं नाकारता येत नाही, आणि पुढे असंच बरंच काही. "नाकारता येत न्हाई म्हंजे हाय का न्हाई?" मालकांनी विचारलं. "हाय, मामा," सून म्हणाली. "शिकलेली माणसं असंच बोलत्यात."

मी गोठ्यात गेले आणि गाईच्या मानेखाली हात घालून बराच वेळ उभी राहिले.

चोर अजून सापडलेला नाही. सुनेला ते पटत नाही. तिच्या मालिकेत शेवटी कुणीतरी बेड्या घालून जातंच. पण त्या रक्ताच्या तपासणीला एवढंच विचारलं होतं की आई कोण, आणि तिनं तेवढंच सांगितलं. दावं कुणी कापलं हे ना गाईच्या रक्तात होतं, ना कालवडीच्या.

कालवड आणायला आम्ही पिकअप घेऊन गेलो. त्या बाईनं तिला हळद-कुंकू लावलं, स्वतःच गाडीत चढवलं आणि माझ्या कानाशी म्हणाली, "गाभण हाय. जपा." तिचा नवरा आतून बाहेर आला नाही. त्याचं मला काही वाटलं नाही. त्यानं फसवणूक केली नव्हती, त्याची फसवणूक झाली होती.

घरी आणून मी तिला तिच्या जागेवर बांधलं. म्हातारी गाय शेजारीच होती. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. कालवडीपुढे मी कडबा टाकला, पेंड भिजवून ठेवली. तिनं तोंड लावलं नाही. दुपार झाली. मी तिच्याशी बोलून बघितलं, पण तिला माझा आवाज माहीत नव्हता, आणि मला तरी जनावराशी काय बोलायचं ते कुठं माहीत होतं? मालक म्हणाले, "ऱ्हाऊ दे, भूक लागली की खाईल." पण ती गाभण होती.

मी सुनेला म्हटलं, फोन लावून दे. स्पीकर करून मोबाइल गव्हाणीच्या कठड्यावर ठेवला.

"खाईना व्हय?" तिकडून आवाज आला. "काय गं बया, रुसलीस का? खा की. ती अक्का लय चांगली हाय. खा, माझी बाय."

कालवडीचे कान वळले. तिनं मोबाइलकडे मान नेली, वास घेतला, काचेला नाक लावून ओलं केलं. मग पेंडीच्या पाटीत तोंड घातलं.

"खातीया का, अक्का?"

"खायाला लागली."

"मग ठिवू का फोन?"

"ठिवू नगा," मी म्हटलं. "बोलत ऱ्हावा. मी बी ऐकती, काय बोलायचं त्ये."