चार विषयांची एक विहीर

आमच्या कॉलेजात पर्यावरण हा विषय कुणाचाच नाही, म्हणून ज्याचे तास कमी पडतात त्याच्या गळ्यात तो पडतो. मी मराठीची. मराठीला मुलं येईनात, कार्यभार भरेना, आणि ज्याचा कार्यभार भरत नाही त्याला आमची संस्था अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या शाखेत धाडते. माझं घर शेवगावात, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. तेव्हा मी निमूटपणे ओझोनचा थर शिकवू लागले. मुलांना तो कळला नाही, मलाही नाही, निकाल मात्र उत्तम लागला.

'आंतरविद्याशाखीय' हा शब्द प्राचार्यांना एका दमात म्हणता येऊ लागला आणि आमचे हाल सुरू झाले. मूल्यांकनाची समिती येणार होती, तिला संशोधन दाखवायचं होतं. मग रसायनशास्त्राचे सर, भूगोलाच्या मॅडम, अर्थशास्त्राचे सर आणि मी अशी चौकडी जमली आणि गावाबाहेरच्या एका वस्तीवरची विहीर आमच्या तावडीत सापडली. आजूबाजूला सगळा ऊस. रसायनवाल्यांनी पाणी बाटलीत भरलं, भूगोलवाल्यांनी नकाशा काढला, अर्थशास्त्रवाल्यांनी घरोघरी प्रश्नावली भरून घेतली. माझ्या वाट्याला विहिरीवरची लोकगीतं आली. वस्तीवर कुणालाच एकही येत नव्हतं. शेवटी एका मुलीनं मोबाईलवर शोधून दोन दिली.

विहिरीला लागूनच एका मावशींचं घर. पोरगा टेम्पो चालवायचा, सून नुकतीच बाळंत झालेली. तिला दूध पुरत नव्हतं, म्हणून बाळाला विहिरीच्या पाण्यात पावडर कालवून बाटलीनं पाजत. आम्ही गेलो की मावशी चहा टाकायच्या. "आमच्या हिरीच्या पाण्याचा च्या लई ग्वाड लागतो," त्या म्हणायच्या, आणि खरंच लागायचा. अर्थशास्त्राचे सर दोनदा घ्यायचे.

मग पाण्याचा अहवाल आला. खतातलं नायट्रेट विहिरीत उतरलेलं, पिण्याच्या मर्यादेच्या बरंच वर. उकळून ते जात नाही आणि तान्ह्या बाळाला तर फार वाईट, असं रसायनच्या सरांनीच सांगितलं. सांगताना ते इतके खूश होते की मला आधी वाटलं, पाणी चांगलं निघालं.

"आजच जाऊन सांगू या," मी म्हणाले.

"मॅडम, समितीसाठी आपण चर्चासत्र भरवतोय, तिथं पेपर वाचायच्या आधी निष्कर्ष फुटला तर संशोधन कसलं?" रसायनचे सर म्हणाले.

अर्थशास्त्राच्या सरांची अडचण आणखी शास्त्रीय होती. त्यांना जनजागृतीच्या आधीची एक आणि नंतरची एक अशा दोन प्रश्नावल्या हव्या होत्या, आणि आधीची अजून अर्धी भरायची होती. लोक आत्ताच जागे झाले तर आधीचे आकडे आणायचे कुठून? भूगोलाच्या मॅडमचं म्हणणं होतं की पेपरवर पहिलं नाव कुणाचं हे आधी ठरावं. मी बाळाच्या बाटलीचं बोलले, तर प्राचार्य मायेनं म्हणाले, "तुमचा विषय लोकगीतं. आणि हो, तुमचा कार्यभार अजून काठावरच आहे बरं का." मी गप्प बसले. चीड फार आली, पण अकोल्याचा घाटही डोळ्यांसमोर आला.

अर्ध्या प्रश्नावल्या भरायला पुन्हा वस्तीवर जावं लागलं. मावशींनी नेहमीसारखा चहा टाकला. रसायनच्या सरांना ॲसिडिटी झाली, अर्थशास्त्राच्या सरांना शुगर, भूगोलाच्या मॅडमना उपवास. मीही पोट बिघडल्याचं सांगितलं. भरलेले कप तसेच आत गेले.

चर्चासत्राचं उद्घाटन कुंडीतल्या रोपाला पाणी घालून व्हायचं होतं. पाणी त्याच विहिरीचं हवं आणि वस्तीवरच्या बाईच्या हस्ते यावं, ही प्राचार्यांची कल्पना. मावशी नव्या लुगड्यात कळशी आणि तांब्या घेऊन स्टेजवर आल्या. तेवढ्यात विद्यापीठातून आलेल्या पाहुण्यांना भाषणात जोराचा ठसका लागला. मावशींनी चटकन तांब्या भरून त्यांच्यापुढं धरला.

"नको! नको!" आम्ही चौघंही एकदम ओरडलो. इतकं एकमत आमचं त्याआधी कधीच झालं नव्हतं. रसायनच्या सरांनी तर झडप घालून तांब्याच धरला.

मावशींनी आमच्याकडं पाहिलं. "का वो? वाईट हाय का पानी?"

सर पुटपुटले, "नायट्रेट... म्हणजे तसं मर्यादेच्या..."

मावशी माझ्याकडं वळल्या. "म्याडम, तुमी सांगा. वाईट हाय?"

"हो मावशी. पिऊ नका. बाळाला तर अजिबात देऊ नका."

त्यांनी तांब्या सावकाश टेबलावर ठेवला. "तुमाला कवापासून ठावं हाय?"

मावशी आमच्या चौघांच्या तोंडाकडं एकेक करून बघत राहिल्या.

"म्हंजी तुमी च्या बंद केला तवापासून," त्या म्हणाल्या.

आणि तिथंच, स्टेजवर, पाहुण्यांच्या शेजारी उभ्या राहून त्यांनी कमरेचा मोबाईल काढून सुनेला लावला. "बाळाची बाटली वतून दे. आधी वतून दे, मंग इचार का म्हून."